जुनी मोटारबोट पारखताना

अहिल्यानगर जिल्हा म्हटला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ज्वारीची शेते, उघडे माळ आणि पावसाची वाट पाहणारी गावे उभी राहतात. मोटारबोट काही उभी राहत नाही. तथापि गेल्या शंभर वर्षांत या कोरड्या मुलखाच्या कुशीत मनुष्याने मोठमोठे जलाशय निर्माण केले आहेत. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. राहुरी तालुक्यात मुळा नदी अडवून ज्ञानेश्वर सागर झाला. त्यात सुमारे २६ अब्ज घनफूट पाणी मावते. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली राष्ट्राला अर्पण झाले आणि त्याच्या नाथसागराचे पाणी नेवासे व शेवगाव या तालुक्यांच्या शिवारांत येऊन राहिले. दक्षिणेस भीमेवरील उजनीचा फुगवटा कर्जत तालुक्याला स्पर्श करतो. जेथे पाणी आले तेथे मासेमारी आली, पैलतीर आला, हौसही आली. आणि या तिहींच्या मागोमाग मोटारबोटही आली.

नव्या बोटीची किंमत सामान्य गृहस्थास किंवा लहानशा मच्छीमार संस्थेस पेलत नाही. मग मुंबईकडून अथवा कोकणातून कोणाची तरी वापरलेली बोट मालमोटारीवर चढते, घाट ओलांडून येते आणि गावच्या झाडाखाली नवा रंग लेवून उभी राहते. विकणारा म्हणतो, ‘घ्या, तयार आहे, पाण्यात ढकलायचा तेवढा उशीर!’ खरी परीक्षा या ठिकाणी आहे. ती विकणाऱ्याची नव्हे, घेणाऱ्याची.

ही परीक्षा आपल्या लोकांना अगदीच अपरिचित आहे असे नाही. नेवासे तालुक्यातील घोडेगावच्या बाजारात म्हैस घेणारा शेतकरी शिंगांच्या तेलाला भुलत नाही. तो दात पाहतो, पाठीवरून हात फिरवितो, जनावर चालवून बघतो आणि आपल्या हाताने धार काढल्याखेरीज पैशाच्या पिशवीची गाठ सोडीत नाही. जी सावधगिरी म्हशीच्या बाबतीत स्वाभाविक वाटते, ती बोटीच्या बाबतीत मात्र सुटते. कारण म्हैस आपल्या घरच्या ओळखीची आणि बोट ही नवलाईची वस्तू. नवलाई डोळ्यांना दिपविते. म्हणून बोट डोळ्यांनी थोडी आणि हातांनी व कानांनी अधिक पारखावी, हे या विद्येचे पहिले सूत्र होय.

प्रारंभ बुडापासून करावा. बोट पाण्यात तरंगत असताना तिचे बूड दिसत नाही. तेव्हा ती कोरड्यावर काढून, धुऊन, उन्हात ठेवावयास सांगावी. आजच्या बहुतेक लहान बोटी फायबरच्या, म्हणजे काचेचे तंतू व राळ यांच्या असतात. फायबर कुजत नाही हे खरे. पण त्याच्या पोटात बसविलेले लाकूड कुजते. एखाद्या लहान लाकडी हातोडीने किंवा रुपयाच्या नाण्याने बुडावर व कडांवर हलके ठोके द्यावे. जेथे कवच धड आहे तेथे टणक, स्वच्छ आवाज येतो. जेथे थर सुटले आहेत किंवा आत पाणी मुरले आहे तेथे आवाज भद्द होतो. कुंभाराच्या दारात मडके वाजवून घेणाऱ्या गृहिणीला हे अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. बुडावर लहान लहान फोड दिसले तर तेही नीट पाहावे. गोड्या पाण्यात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या फायबरच्या बोटीला असे फोड खाऱ्या पाण्यातल्या बोटीपेक्षा लवकर येतात. थोडे असले तर दुरुस्त होतात, सर्वांगावर उठले असतील तर तो खर्चाचा डोंगर समजावा.

बुडानंतर मागची उभी फळी. बोटीचे इंजिन बाहेरच्या बाजूस टांगलेले असले तर त्याचा सारा भार आणि सारा जोर या एका फळीवर येतो. इंजिनाचा खालचा भाग दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवावा. फळी किंचितही लवली, तिच्या कोपऱ्यांत केसासारखी चीर दिसली, किंवा एखादा स्क्रू काढताच छिद्रातून काळपट पाणी अथवा ओला भुसा बाहेर आला, तर आतले लाकूड सडले आहे असे जाणावे. शितावरून भाताची परीक्षा ती हीच.

आता एक उपाय असा की जो या जिल्ह्यात जितका सुलभ आहे तितका क्वचितच अन्यत्र असेल. पुष्कळ बोटींच्या तळफळीखाली फेसासारखा हलका पदार्थ भरलेला असतो. तो एकदा पाणी प्याला की सहसा सोडीत नाही आणि वरून काही कळतही नाही. पण वजन खोटे बोलत नाही. साखर कारखान्याच्या या मुलखात उसाच्या गाड्यांचे वजनकाटे जागोजागी आहेत. बोट गाडीसह काट्यावर घालावी, मग रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे, आणि इंजिन, टाकी व सामानसुमान यांचा हिशेब धरून कारखानदाराने बोटीचे जे वजन सांगितले असेल त्याशी ताडून पाहावे. बोट ६०० किलोची असावयास हवी आणि काटा ७५० दाखवीत असेल, तर जास्तीचे १५० किलो कोठून आले याचे उत्तर विकणाऱ्याकडे मागावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो; तेवढे लिटर पाणी बहुधा त्या तळफळीखाली दडलेले असते. असे पाणी बोट बुडवितेच असे नाही. परंतु बोटीत माणसे वाढली आणि लाट आत आली, की तिला तरून राहण्यास जी ताकद लागते तीच ते आधी खाऊन बसलेले असते.

आता इंजिन. ते थंड असतानाच सुरू करून पाहावे. पाहावयास गेल्यावर इंजिन आधीच कोमट लागले तर समजावे की ते सकाळी सहजासहजी चालू होत नाही आणि आपल्या येण्यापूर्वी त्याची मनधरणी झाली आहे. प्रत्येक सिलिंडरचा दाब मापून घ्यावा. आकडा किती आला यापेक्षा सर्व सिलिंडरांचे आकडे एकमेकांशी जुळतात की नाही हे महत्त्वाचे. खालच्या गिअरपेटीतले तेल थोडे काढून बघावे. ते दुधासारखे पांढुरके झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. त्यात धातूचा चुरा चमकत असेल तर दाते झिजले आहेत. इंजिन चालू असताना थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते ती एकसारखी व जोरदार हवी. समुद्रावरून आलेल्या इंजिनाच्या पाणवाटांत मीठ साठते, आणि आपल्या धरणांतला गाळ व जलपर्णी पाणी खेचणाऱ्या रबरी चक्राचा घास घेतात. म्हणजे जुने इंजिन दोन्ही सासरचा जाच सोसून आलेले असावयाचे.

पंखा व त्याचा दांडाही हाताने फिरवून पाहावा. उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरते तेव्हा बुडालेल्या गावांची जोती, विहिरींचे कठडे व वठलेली खोडे वर डोकावतात. त्यांना लागून पंख्याचे पाते वाकते, दांडा बांक घेतो. पाते पालटता येते, बांकलेल्या दांड्याचे दुखणे मात्र दूरवर जाते. पंख्यामागे जाळ्याचा दोरा गुंडाळला गेला आहे काय हेही पाहावे. तो तेथील रबरी बंद कापतो आणि गिअरपेटीत पाणी शिरते ते त्याच वाटेने.

इंधनाच्या टाकीविषयी एक गोष्ट नवी आहे. या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून जे इथेनॉल बाहेर पडते, तेच आता पेट्रोलात मिसळलेले असते. हे मिश्रण हवेतली ओल शोषून घेते, आणि जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्या त्याने मऊ पडून तडकू लागतात. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती बोटीच्या बुडात साचून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते. सबब नळ्यांना वास घेऊन व दाबून पाहावे, आणि त्या जुन्या असल्या तर किमतीत त्यांचा नवा खर्च मोजावा.

यानंतरच बोट पाण्यात घालावी, व तीही रिकामी नव्हे. जितकी माणसे रोज न्यावयाची, तितक्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या भरून ती पळवावी. सुकाणू दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवावे. मागे चालवून पाहावी. पूर्ण वेगात इंजिनाचे फेरे त्याच्या पुस्तकात लिहिल्याइतके होतात काय, हे मापकावर पाहावे. मात्र समुद्रकाठावरचे इंजिन या उंच मुलखात आणले की ते थोडे मंदावते. दर तीनशे मीटरांस सुमारे शेकडा तीन शक्ती कमी होते. एवढ्या फरकासाठी चांगले इंजिन टाकून देऊ नये, पंखाच योग्य तो बसवावा. तासाभराने तीरावर आल्यावर बुडात किती पाणी साचले ते मोजावे. कोरड्या अंगणात जी खोड लपली ती येथे लपत नाही.

उरले ते कागदपत्र. इंजिनावरचा व बोटीवरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा अंतर्देशीय जलयानांच्या २०२१ च्या कायद्याने घेतली असून यंत्राने चालणाऱ्या नौकेची नोंदणी, तपासणी व विमा यांची जबाबदारी त्यात सांगितली आहे. बोटीवर कोणाचे कर्ज आहे काय, आणि ज्या धरणावर ती चालवावयाची तेथली परवानगी मिळते काय, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे.

कोणी म्हणेल, एवढी यातायात एका जुन्या बोटीसाठी? त्याने उजनीच्या फुगवट्याची एक संध्याकाळ आठवावी. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अकस्मात सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली व ६ जणांना जलसमाधी मिळाली. वारा कोणास विचारून सुटत नाही, आणि त्याला आवरणे कोणाच्या हाती नसते. आपल्या हाती एवढेच असते, की तो सुटेल त्या दिवशी फळी सडलेली नसावी, पेटीत पाणी भरलेले नसावे, इंजिन भर पाण्यात बंद पडू नये, आणि प्रत्येकाच्या अंगावर तरंगणारे जाकीट असावे.

म्हणून घेणाऱ्याने आपला स्वतंत्र मिस्त्री बरोबर न्यावा. विकणाऱ्याचा मिस्त्री विकणाऱ्याचेच मीठ खातो. सर्व तपासणी झाल्यावर दुरुस्तीच्या खर्चाची यादी करून ती मागितलेल्या किमतीतून वजा करावी. आणि जेथे फळीच सडलेली आहे, किंवा कागद जुळत नाहीत, तेथे बोट निम्म्या किमतीत मिळाली तरी हात जोडून परत यावे. तपासणीला गेलेला दिवस व मिस्त्रीची मजुरी ही फुकट गेली असे त्या वेळी मनास वाटते. परंतु त्या बोटीत पुढे जी मुलेबाळे बसावयाची होती, त्यांच्या दृष्टीने त्या दिवसाइतकी चोख कमाई दुसरी नसते.