अंगांतला थकवा आणि मनावरचा भार
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त चंदगड येथें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या वर्षीं मागील वाटचालीबद्दल परमेश्वराचे उपकार मानावयाचे असतात. परंतु लेवीयाच्या पुस्तकांत सांगितलेला ज्युबिलीचा मूळ अर्थ त्याहून व्यापक आहे. पन्नासावें वर्ष हें दासांच्या सुटकेचें आणि जमिनीस विसावा देण्याचें वर्ष होय. जमिनीलासुद्धां विसावा हवा असें जेथें देवानेंच ठरविलें, तेथें ती जमीन कसणाऱ्या देहाचा आणि त्या देहांत वागणाऱ्या मनाचा विचार आपण करूं नये काय? म्हणून आज आम्ही ‘थकवा’ या एका शब्दाविषयीं बोलणार आहों.

थकवा आपणांस नवा नाहीं. भर पावसांत चिखलांत उभें राहून रोपलावण करावी, नाचणी लावावी, रताळीं काढावीं, उन्हाळ्यांत काजूच्या बिया वेचाव्या, हें ताम्रपर्णीच्या खोऱ्यांतील माणसाचें जीवन आहे. अशा कष्टानें देह दमतो, आणि पोटभर जेवून शांत झोप लागली कीं सकाळीं पुन्हा ताजा होतो. हा थकवा रोग नव्हे. आमचें म्हणणें दुसऱ्या थकव्याविषयीं आहे. सकाळीं अंथरुणावरून उठतांनाच हातापायांत त्राण नसतें. डोकें जड राहतें. गोडधोड पुढें आलें तरी चव लागत नाहीं. मध्यरात्रीं जाग येते ती पहांटेपर्यंत. चूल पेटविणें हेंहि डोंगराएवढें काम वाटतें. अशी बाई किंवा असा गडी दवाखान्यांत जातो आणि ‘अंगांत शक्ति नाहीं, एखादें इंजेक्शन द्या, सलाईन लावा’ असें सांगतो. सलाईनची बाटली म्हणजे मिठाचें, फार तर साखरेचें पाणी. अंगांतलें पाणी आटलें असेल तर तें उपयोगी. मनावरचा भार तें कसा उतरविणार?

या थकव्याचें मूळ कोठें असतें, याचा शोध आपल्या शेजारींच झालेला आहे. तिलारीचा घाट उतरून दोडामार्ग ओलांडला कीं गोव्याची भूमि लागते. तेथें १९९६ सालीं डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं ‘संगाथ’ ही संस्था काढली. २००५ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें त्यांचें एक संशोधन प्रसिद्ध झालें. १८ ते ५० वर्षें वयाच्या सुमारें २५०० स्त्रियांना भेटून त्यांची विचारपूस करण्यांत आली. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ थकवा वाटतो, असें त्यांपैकीं शेंकडा सुमारें १२ स्त्रियांनीं सांगितलें. रक्तहि तपासण्यांत आलें. ‘रक्त कमी आहे, म्हणून थकतां’ हें आपण नेहमीं ऐकतों. परंतु तेथें हिमोग्लोबिनच्या कमीअधिकपणाशीं या थकव्याचा संबंध आढळला नाहीं. सर्वांत निकटचा संबंध आढळला तो मनाच्या अस्वास्थ्याशीं आणि स्त्री म्हणून सोसाव्या लागणाऱ्या दुय्यमपणाशीं. त्याचबरोबर अंगानें कृश असलेल्या स्त्रियांत थकवा अधिक दिसला.

याचा अर्थ या स्त्रिया ढोंग करीत होत्या, असा मुळींच नव्हे. मन चिंती तें वैरीहि न चिंती, ही म्हण आपल्या वाडवडिलांनीं अनुभवानें रचिली आहे. चिंतेनें झोप उडते, मान-पाठ ताठते, भूक मरते. अर्धपोटीं व अर्ध्या झोपेनें राहिलेला देह दुसऱ्या दिवशीं काम ओढीत नाहीं; काम राहिलें कीं बोलणीं बसतात; बोलणीं बसलीं कीं मन आणखी खचतें. घाण्याच्या बैलासारखें हें चक्र फिरत राहतें. तें देहाच्या बाजूनें तोडावें कीं मनाच्या, हा वादच व्यर्थ आहे. जी बाजू हातीं लागेल तेथून तोडावें.

राजांच्या पहिल्या पुस्तकांतील एलीया संदेष्ट्याचें उदाहरण पाहा. ईजबेल राणीच्या भयानें तो रानांत पळाला आणि रतामाच्या झुडपाखालीं बसून ‘आतां माझा प्राण घे’ असें देवाजवळ मागूं लागला. एवढ्या मोठ्या भक्ताच्या तोंडीं हे शब्द! देवानें त्याला अविश्वासी म्हटलें नाहीं, उपदेशहि केला नाहीं. त्याला झोपूं दिलें. मग देवदूतानें स्पर्श करून उठविलें; उशाशीं निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. तो जेवला, पुन्हा निजला, पुन्हा जेवला, आणि त्या अन्नाच्या बळावर चाळीस दिवस चालून होरेब पर्वतास पोंचला. देवाचें भाषण त्याला तेथें ऐकूं आलें. झोप आणि भाकर त्याच्या आधीं मिळालीं. ‘आधीं पोटोबा’ हें आपण थट्टेनें म्हणतों. येथें तो देवाचाच क्रम दिसतो.

तर मग आपल्या घरांतील भाकरीचा विचार करूं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या शेंकडा ५४ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणून गोव्यांतील संशोधनाचा आधार घेऊन रक्ताची तपासणी टाळणें हा अविचार होईल. प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती अवश्य करावी. रक्तक्षयाप्रमाणेंच थायरॉईडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनींहि माणूस सुस्त व उदास होतो. आपल्या शेतांत पिकणारी नाचणी आपण गरिबांचें धान्य म्हणून मागें सारली. तिच्या १०० ग्रॅम पिठांत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें. तांदळांत त्याचा फार थोडा अंश असतो. नाचणीस मोड आणून पीठ केलें तर तिचा गुण अंगीं अधिक लागतो. पालेभाजी व उसळीबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू खाल्ला तर त्यांतील लोह रक्तांत अधिक शोषलें जातें. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेंच कमी शोषलें जातें. ब-१२ धान्यांत व भाज्यांत मिळत नाहीं; तें दूध, अंडीं, मासे यांतून घ्यावें लागतें. यांपैकीं बहुतेक वस्तु आठवड्याच्या बाजारांत मिळतात.

परंतु बाजारांतून आणलेलें अन्न घरांत कोणाच्या ताटांत पडतें, हा खरा प्रश्न आहे. सर्वांचें जेवण आटोपल्यावर खरवड व उरलेला रस्सा जिच्या वाट्यास येतो, ती बाई वर्षभर उपवासच करीत असते. ख्रिस्तसभेनें उपवासाचें बंधन अठरा वर्षें पूर्ण झालेल्यांवर, तेंहि साठावें वर्ष लागेपर्यंतच, आणि वर्षांतून दोनच दिवस घातलें आहे. आजाऱ्यास व गरोदर स्त्रीस त्यांतून सूट आहे. मग जो उपवास देवानें सांगितला नाहीं, ख्रिस्तसभेनें सांगितला नाहीं, आणि जो तिनें स्वतःहि पत्करलेला नाहीं, तो आपल्या घरांत तिच्यावर कोणी लादला? एकत्र बसून जेवणें हें आपल्या धर्माचें हृदय आहे. वेदीभोवतीं एकत्र जेवणाऱ्यांनीं घरीं पंक्तिभेद करावा, हें शोभत नाहीं.

आतां मनाच्या बाजूविषयीं. याच संस्थेनें गोव्यांतील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत खोल उदासीनतेनें पीडित अशा ४९५ माणसांवर एक प्रयोग केला. त्याचा निष्कर्ष २०१७ सालीं लॅन्सेट या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. त्याच भागांतील, शिकवून तयार केलेले सामान्य लोक होते. सहा ते आठ बैठका, एवढाच उपचार. उदास माणसाचा व्यवहार आंखडत जातो. म्हणून पूर्वीं आवडणारें एखादें लहान काम पुन्हा हातीं घ्यावयास लावणें, शेजारीं जाणें, परसांत फिरणें, अडलेल्या प्रश्नाचे तुकडे पाडून एकेक सोडविणें, अशी त्याची रीत. तीन महिन्यांनीं पाहिलें तेव्हां ज्यांना हा उपचार मिळाला त्यांच्यांतील शेंकडा ६४ जण त्या स्थितींतून बाहेर आले होते; ज्यांना केवळ नेहमींचे उपचार मिळाले त्यांच्यांत हें प्रमाण ३९ होतें. म्हणजे शेजाऱ्याचें शहाणें व नियमित साहचर्य हेंहि एक औषध ठरलें. दुखणें अधिक असेल तर गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या घेण्यांत मधुमेहाच्या गोळीहून अधिक लाज नाहीं.

तरीहि आपण लपवितों. कोणी बाहेरची बाधा म्हणून देवऋष्याकडे धांवतो. कोणी ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ म्हणून जखमेवर मीठ चोळतो. जपमाळ अवश्य म्हणावी. पण सिराखच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायांत वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाहि देवानेंच निर्मिलें आहे, असें सांगितलें आहे. लपविण्याची परिसीमा आत्महत्येंत होते, आणि तिच्यामागें राहिलेलें कुटुंब लाजेनें मिस्सेलासुद्धां यावयास कचरतें. १९१७ च्या धर्मविधींत हेतुपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारलें होतें. १९८३ च्या धर्मविधींतून तें कलम गेलें. आपल्या सरकारचा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाहि असा प्रयत्न करणाऱ्या माणसास तीव्र मानसिक ताणांत असलेला मानतो, आणि त्याची शुश्रूषा करणें हें सरकारचें कर्तव्य ठरवितो. ख्रिस्तसभा व कायदा दोघेंहि मृदु झालीं. आपल्या वाड्यावस्त्या तेवढ्या कठोर कां राहाव्या?

जातां जातां आमची विनंति एवढीच. आपल्या घरांत कोणी ‘मी थकलें’ असें म्हणेल, तेव्हां ‘काय खाल्लें?’, ‘झोप लागली काय?’ आणि ‘मनांत काय आहे?’ हे तीन प्रश्न विचारावे, आणि तिसऱ्याचें उत्तर येईपर्यंत उठूं नये. दोन आठवडे गेले तरी मन उभारी धरीत नसेल तर आरोग्य केंद्र गांठावें. मरणाचे विचार बोलून दाखविले तर मात्र एक दिवसहि थांबूं नये, आणि त्या माणसास एकटें सोडूं नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा सुरू आहे. रात्रीं-अपरात्रीं, मराठींतून, विनामूल्य बोलतां येतें. तो क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

एलीयाच्या उशाशीं देवदूतानें भाकर ठेविली. या ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या धर्मग्रामांत कोणाच्या तरी उशाशीं ती ठेवण्याचें काम आपल्याकडे आलें आहे. तें ओळखण्याची दृष्टि परमेश्वर आपणां सर्वांस देवो.