पॅनलची टक्केवारी आणि युनिटचा भाव



शिरूर आणि दौंड तालुक्यांतले शेतकरी, वायरमन, मोटार रिवाइंडिंग करणारे आणि सौर संच बसवणारे तरुण आज एका मांडवाखाली बसले आहेत. या सभेचा अध्यक्ष म्हणून मी थेट हिशेबाकडे येतो.

दुकानात पहिला प्रश्न असतो, पॅनल किती टक्क्यांचं? 1954 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेनं सिलिकॉनचा सौरघट दाखवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता जेमतेम 6 टक्के होती. आज बाजारातलं चांगलं मोनो पॅनल 20 ते 22 टक्के ऊन विजेत बदलतं. साध्या सिलिकॉन घटाची सैद्धांतिक मर्यादाच 29 टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे 21 की 22, यावर घासाघीस करण्यात फारसा अर्थ नाही. एक-दोन टक्क्यांनी फरक पडतो तो जागेत. छप्पर लहान असेल तर जास्त टक्क्यांचं घ्या. पडीक बांधावर उभं करायचं असेल तर स्वस्त पडेल ते घ्या.

खरी गळती पुढे आहे. पॅनलवर छापलेले वॉट 25 अंश तापमानाचे असतात. दौंडच्या एप्रिल-मे महिन्यात काच आणि घट 65 अंशांपर्यंत तापतात. दर अंशामागे साधारण 0.35 टक्के वीज घटते, म्हणजे भर दुपारी 14 टक्के गेली. 540 वॉटचं पॅनल 465 वर येतं. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवू नका, खालून वारा खेळू द्या. त्यावर धूळ आहे, ऊसपट्ट्यात गुऱ्हाळाच्या धुराड्याची काजळी आहे. धुवायचं ते सकाळी, काच थंड असताना. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं धुतलं तर पांढरा थर बसतो आणि तो धुळीपेक्षा चिवट असतो.

किमतीचं चित्र मात्र विलक्षण बदललं आहे. 2010 मध्ये देशात सौरविजेचा ठरवून दिलेला दर युनिटला 17 रुपये 91 पैसे होता. 2017 मध्ये राजस्थानातल्या भाडल्याच्या लिलावात तो 2 रुपये 44 पैशांवर उतरला. घरच्या छपरावर 1 किलोवॉट दिवसाला सरासरी 4 युनिट देतो. 3 किलोवॉटच्या संचाला पीएम सूर्यघर योजनेतून 78,000 रुपये मिळतात. उरलेला खर्च 25 वर्षांच्या साधारण 1 लाख युनिटांवर वाटला, मध्ये एकदा इन्व्हर्टर बदलला, तरी युनिट दोन रुपयांच्या आसपास पडतं. या भावात दुसरी वीज मिळत नाही.

शेतपंपाचं गणित वेगळं आहे, आणि माझा सगळा आग्रह तिथे आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्केच भरावे लागतात. त्यामुळे उरलेल्या पैशांचा हिशेब कुणी मांडत नाही. 5 एचपीच्या पंपाची पॅनलं वर्षाला सुमारे 7,000 युनिट देऊ शकतात. समजा पंप वर्षातून 150 दिवस चालला, तर 3,000 युनिट कामी आले. पावसाळ्यात, पीक काढल्यावर, विहीर आटल्यावर बाकीचं ऊन वाया गेलं. टक्केवारी 21 असो की 22, युनिटचा भाव तिथे दुपटीच्या वर गेला. त्याच पॅनलवर कडबाकुट्टी आणि पिठाची गिरणी चालवणारा कंट्रोलर मिळतो. आपल्या भागात गोठे कमी आहेत का? हा कंट्रोलर प्रत्येक संचाबरोबर आलाच पाहिजे.

याहून चांगला मार्ग म्हणजे कृषी फीडरच सौर करणं. 2017 ला सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे पहिले प्रयोग राळेगणसिद्धीला, शिरूरच्या शेजारच्या पारनेर तालुक्यात, आणि यवतमाळच्या कोळंबीला झाले. उपकेंद्राजवळ प्रकल्प उभा राहतो, पंप बंद असले तर वीज ग्रीडमध्ये जाते, आणि युनिट सुमारे तीन रुपयांना पडतं. काहीच वाया जात नाही. जिथे लाइन पोचली आहे तिथे फीडर, जिथे पोचली नाही तिथे स्वतंत्र पंप, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय सौर फीडरची वीज दिवसा मिळते, आणि दिवसाच्या विजेची किंमत रुपयांत मावत नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्यानं तीन जीव घेतले. दिवसाउजेडी उसाच्या कडेला जायची भीती असताना रात्रपाळीच्या विजेवर दारं धरायला माणसं कशी पाठवायची?

संच बसवणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे, कोटेशनवर नुसते किलोवॉट लिहू नका. वर्षाला किती युनिट मिळतील, तो आकडा लिहा आणि खाली सही करा. आणि शेतकरी बांधवांनो, ती सही असल्याशिवाय पैसे भरू नका.