लहान सी.एन.सी. मशीन आणि सॉफ्टवेअरची निवड

(संस्थेच्या तंत्रशिक्षण विभागातील विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)





मी वक्ता नव्हे. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना लागणारे लाकडी पॅटर्न करण्यात माझे आयुष्य गेले. पण गेल्या महिन्यात संस्थेच्या वर्कशॉपमध्ये लहान सी.एन.सी. मशीन बसले, तेव्हा एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "मामू, मशीन तर आले, पण त्याच्या सॉफ्टवेअरचे पैसे पोरांनी कोठून आणायचे?" अध्यक्षसाहेबांच्या कानी ही गोष्ट गेली आणि त्याचे उत्तर सर्वांसमोर द्यावे, असा त्यांचा हुकूम झाला. तेवढ्यापुरताच मी येथे उभा आहे.

प्रथम मशीन समजून घेऊ. आपल्याकडे आहे त्याला बाजारात '3018' म्हणतात. 300 मिलिमीटर लांब आणि 180 मिलिमीटर रुंद, एवढी त्याची कामाची जागा. लाकूड, ॲक्रिलिक, विजेच्या सर्किटची पाटी ही कामे ते नीट करते. ॲल्युमिनियमही कापते, पण अगदी पातळ थर घेत, सबुरीने. मशीनला स्वतःची अक्कल नाही. सांगू तेवढेच ते करते. सांगण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, वस्तूचे ड्रॉइंग. दुसरी, त्या ड्रॉइंगवरून कटरने कोठून कसे जायचे तो मार्ग, म्हणजे टूलपाथ. तिसरी, तो मार्ग ओळीओळीने मशीनला पोहोचवणे. पुष्कळ मुलांना वाटते की एकच सॉफ्टवेअर हे सारे करते. तेथूनच गोंधळाला सुरुवात होते आणि नको तेथे पैसा जातो.

तिसऱ्या पायरीचा खर्च शून्य आहे. आपल्या मशीनच्या बोर्डात 'जीआरबीएल' नावाची प्रणाली आहे. 2009 साली तिची सुरुवात झाली आणि ती सर्वांना मोफत आहे. संगणकावरून तिला ओळी पाठवण्यासाठी 'युनिव्हर्सल जी-कोड सेंडर' हेही मोफतच मिळते. पुढे कोणी मोठे मशीन बांधले, तर त्यासाठी 'लिनक्स सीएनसी' आहे. त्यालाही किंमत नाही. तेव्हा प्रश्न उरला पहिल्या दोन पायऱ्यांचा.

येथे मी आधी विचारीन, तुम्हाला करायचे काय आहे? नावाची पाटी, जाळी, नक्षी अशी सपाट कामे असतील तर 'इंकस्केप' किंवा 'लिब्रेकॅड' पुरे. दोन्ही मोफत. पहिल्यातून एसव्हीजी आणि दुसऱ्यातून डीएक्सएफ फाइल निघते आणि ती बहुतेक सर्व टूलपाथ सॉफ्टवेअर वाचतात. पॅटर्न, ब्रॅकेट, गिअरचे घर अशी भरीव वस्तू असेल तर मोजमापावर चालणारे त्रिमितीय सॉफ्टवेअर हवे. त्याचा फायदा पॅटर्नमेकरला चटकन कळतो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवावा लागतो. बिडासाठी साधारण शेकडा 1, ॲल्युमिनियमसाठी साधारण शेकडा 1.3. ड्रॉइंग मोजमापाशी नीट बांधलेले असेल, तर हा एक आकडा बदलला की सारा पॅटर्न बदलतो. नाहीतर प्रत्येक रेघ पुन्हा ओढा!

अशा कामासाठी 'फ्रीकॅड' आहे. 2002 पासून जगभरचे लोक ते स्वेच्छेने घडवीत आले. त्याची 1.0 आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये निघाली. पूर्वी मागचा एखादा भाग बदलला की पुढची रचना तुटून पडे. हा जुना दोष या आवृत्तीत बराच कमी झाला. ड्रॉइंग आणि टूलपाथ दोन्ही त्यातच होतात. मात्र ते शिकायला अवघड आहे, हे मी लपवणार नाही. पहिला महिना डोके दुखेल.

'फ्यूजन' शिकायला त्यामानाने सोपे आणि टूलपाथसाठी फार चांगले. त्याचा मोफत परवाना आहे, पण तो खाजगी, बिनधंद्याच्या वापरासाठी. वर्षाची कमाई 1000 डॉलरच्या आत असावी, अशीही अट आहे. 2020 साली कंपनीने त्या परवान्यावर आणखी मर्यादा घातल्या. एका वेळी 10च ड्रॉइंगे बदलण्याजोगी ठेवता येतात आणि न कापता सरकताना कटर पूर्ण वेगाने नेता येत नाही. माल त्यांचा आहे, अटी घालण्याचा हक्कही त्यांचा आहे. माझी तक्रार नाही. परंतु ज्या मुलाला उद्या या मशीनवर चार पैसे मिळवायचे आहेत, त्याने त्या अटी आजच वाचाव्यात. लाकडी नक्षीचाच धंदा करायचा असेल तर 'व्हीकार्व्ह'सारखे एकदाच पैसे देऊन विकत घेण्याचे सॉफ्टवेअरही आहे. त्याची लहान आवृत्ती 25 इंच चौरसापर्यंतचे काम करते; आपल्या मशीनला ती भरपूर झाली. पण पहिली ऑर्डर हातात आल्याखेरीज तो खर्च करू नये.

आता चौथा मार्ग, ज्याबद्दल व्यासपीठावरून कोणी बोलत नाही. चोरीची प्रत. मित्रहो, मी ती वापरली आहे. एका दुकानदाराने एक महागडे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घालून 300 रुपयांना दिले. सगळेच घेतात, म्हणून मीही घेतले. दोन वर्षांत त्यावर 43 पॅटर्नची ड्रॉइंगे केली. एके दिवशी संगणक बिघडला, दुरुस्त झाला, पण ती प्रत पुन्हा चालू होईना. दुकान केव्हाच बंद झाले होते. दाद मागायची कोणाकडे? माझी ड्रॉइंगे त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलीत होती आणि माझ्याकडच्या दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ती उघडत नव्हती. त्याच आठवड्यात एक फाउंड्रीवाले जुन्या पॅटर्नमध्ये 2 मिलिमीटरचा बदल घेऊन आले. पाच मिनिटांचे काम! झिजलेला पॅटर्न व्हर्नियरने मोजत मी तीन रात्री बसलो. माझा भाचा शेजारी दिवा धरून होता. तो म्हणाला, "मामू, जे आपण कधी विकतच घेतले नव्हते, ते गेले म्हणून रडायचे कसे?" मला उत्तर देता आले नाही. नमाजेला उभे राहताना कपडा पाक आहे ना, हे आपण पाहतो. ज्या हत्याराने रोटी मिळवायची, ते पाक आहे की नाही, हे मी दोन वर्षे पाहिले नव्हते.

त्या दिवसापासून कोणतेही सॉफ्टवेअर घेताना मी तीन प्रश्न विचारतो. एक, माझ्या कामासाठी ते वापरण्याची मला परवानगी आहे काय? दोन, हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडले तर माझे ड्रॉइंग दुसरीकडे उघडेल काय? म्हणजे त्यातून स्टेप किंवा डीएक्सएफ फाइल काढता येते काय? तीन, माझ्या मशीनला समजेल अशा भाषेत ते बोलते काय?

हा तिसरा प्रश्न थोडा खुलाशाने सांगतो. टूलपाथ ज्या भाषेत लिहिला जातो तिला जी-कोड म्हणतात, पण प्रत्येक मशीनची बोली वेगळी. सॉफ्टवेअरमध्ये 'पोस्ट-प्रोसेसर' नावाचा दुभाषा असतो, तो जीआरबीएलचाच निवडावा. छिद्र पाडण्याचा तयार हुकूम, म्हणजे जी 81, जीआरबीएलला समजत नाही. तो साध्या खाली-वर हालचालीत फोडून द्यावा लागतो. फ्रीकॅडच्या जीआरबीएल दुभाष्यात तशी सोय आहे. फाइलच्या सुरुवातीला जी 21 आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. जी 21 म्हणजे मिलिमीटर, जी 20 म्हणजे इंच. यात चूक झाली तर माप 25.4 पटीने चुकते, कटर मोडतो आणि जॉबही जातो. म्हणून कोणतीही नवी फाइल आधी कटर वर ठेवून हवेत चालवावी आणि हात बंद करण्याच्या बटनावर असावा.

अल-जझरी यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. 1206 साली त्यांनी यंत्रांवरचा आपला ग्रंथ पुरा केला. पाणी उपसण्याची यंत्रे, घड्याळे, कारंजी त्यांनी स्वतः बांधली होती. पण ग्रंथात त्यांनी नुसते वर्णन केले नाही. दुसऱ्या कारागिराला ते यंत्र बांधता यावे म्हणून आकृत्या दिल्या, भाग कसे घडवायचे व जोडायचे ते लिहिले. त्यांची यंत्रे काळाच्या ओघात गेली, आकृत्या राहिल्या. आठशे वर्षांनी आजही माणसे त्यावरून यंत्रे बांधून पाहतात. मशीन जुने होते, सॉफ्टवेअर बदलते. ड्रॉइंग मात्र पुढच्या पिढीची अमानत आहे.

म्हणून माझी संस्थेला नम्र सूचना अशी आहे. मुलांना इंकस्केपपासून सुरू करू द्यावे आणि मग फ्रीकॅडकडे न्यावे. सॉफ्टवेअरचे वाचलेले पैसे कटर, व्हर्नियर आणि चुका करण्यापुरते लाकूड यांवर खर्चावेत. प्रत्येक ड्रॉइंग तीन प्रकारे जपावे: मूळ फाइल, स्टेप किंवा डीएक्सएफ फाइल आणि मापे लिहिलेला छापील कागद. तो कागद एका कपाटात लावून ठेवावा. पाच वर्षांत ते कपाट या वर्कशॉपची खरी दौलत होईल.

आणि मुलांनो, ज्यांनी आपल्यासाठी हे मोफत केले त्यांचे ऋण माना. दोष सापडला तर त्यांना कळवा. मराठीत एखादा धडा लिहून धाकट्यांना द्या. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत अशीच चुकती करायची असते.

त्या पालकांना माझे उत्तर एवढेच: पैशांची चिंता करू नका. मुलाला एक महिना डोके दुखवून घेऊ द्या. इन्शाअल्लाह, हात आणि ड्रॉइंग दोन्ही त्याची स्वतःची राहतील.