भूमिका कोणाची?



खासगी बाजारातल्या या व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरांपासून आपल्या भा. रा. तांब्यांपर्यंत पुष्कळ थोर विषय येऊन गेले. आज मी परग्रहावरचे शिपाई घेऊन आलो आहे. आधीच क्षमा मागतो.

नोव्हेंबर २०१४मध्ये 'स्टार वॉर्स'च्या नव्या चित्रपटाची पहिली झलक दाखवली गेली. वाळवंटात पांढऱ्या चिलखतातला एक शिपाई घामाघूम होऊन एकदम उभा राहतो. डोक्यावर शिरस्त्राण नाही, आणि चेहरा एका काळ्या तरुणाचा. नट लंडनचा, जॉन बॉयेगा. एवढ्यावरून गदारोळ उठला. हे शिपाई एकाच माणसाच्या प्रतिकृती आहेत, मग त्यांत काळा आला कुठून, असा काहींचा शास्त्रशुद्ध सवाल. गंमत अशी, की आधीच्या चित्रपटात त्या मूळ माणसाचं काम केलं होतं टेम्युएरा मॉरिसन या न्यूझीलंडच्या माओरी नटाने. म्हणजे मूळ चेहराही गोरा नव्हताच! प्रकाशाहून वेगाने जाणारी यानं, बोलणारे बुटके हिरवे ऋषी, हे सगळं यांना पटतं. माणसाच्या कातडीपाशी मात्र गाडी अडते.

पण आक्षेप घेणारे सगळेच द्वेष्टे होते असं मी म्हणणार नाही. २०२१च्या 'ड्यून'मध्ये मूळ कादंबरीतला लिएट काइन्स हा पुरुष शास्त्रज्ञ स्त्री झाला. शेरन डंकन-ब्रूस्टर या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने ती भूमिका केली. पुस्तकाची पारायणं केलेल्या वाचकाला ते खुपलं असेल, तर ते खुपणं खोटं नाही. वर्षानुवर्षं मनात जपलेला चेहरा कुणी पुसला की दुखतंच. आपण मराठी माणसांनी तरी हे दुखणं परकं मानू नये.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. प्रेक्षकांनी दोघांनाही मनोभावे पाहिलं. मधल्या काळात 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. या कमलाबाई म्हणजे विक्रम गोखल्यांच्या आजी. पडद्यावर स्त्री आली, पण रंगभूमीला पुष्कळ वेळ लागला. कारण तिथे बालगंधर्व होते.

'स्वयंवर'मधली त्यांची रुक्मिणी, 'एकच प्याला'तली सिंधू! त्यांचं लुगडं नेसणं पाहून घरंदाज बायका आपलं नेसणं सुधारत. त्यामुळे नाटकात बायकांनी बायकांची कामं करावीत हा विचार पुढे आला, तेव्हा रसिकांचं म्हणणं पडलं की खरी बाई गंधर्वांइतकी बाई दिसणारच नाही. हे ते मनापासून म्हणत होते. १९३३मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' केलं आणि त्यात ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या. पुढे खुद्द गंधर्वांच्या कंपनीत गोहरबाई कर्नाटकी आल्या, नायिका झाल्या, आणि जुन्या भक्तांची नाराजी त्यांनी जन्मभर सोसली. एक तर बाई, त्यात मुसलमान. बोलताना लोक मात्र कलेबद्दल बोलत.

मला या साऱ्यात तेवढंच ओळखायचं असतं. 'पात्राशी इमान' हा शब्द कुठे खरा आहे आणि कुठे तो दुसऱ्याच कशावर टाकलेली शाल आहे.

उलट बाजूही सांगतो. २०२०मध्ये बॉयेगा स्वतःच एका मुलाखतीत बोलला की, काळ्या नटाला जाहिरातीत मोठं करून दाखवायचं आणि कथेत कोपऱ्यात सारायचं, हे करू नका. त्याचं दुःख मला त्याच्या टीकाकारांच्या दुःखापेक्षा मोठं वाटतं. भिंतीवरच्या फलकावर चेहरा आहे, पण हाताला काम नाही!

आपल्या शहराला ही गोष्ट नवी नाही. निसार हुसेन खाँ शंकरराव पंडितांच्या घरी राहिले आणि हद्दू-हस्सू खाँची गायकी पंडितांच्या घरात रुजली. ते गाणं त्यामुळे बाटलं असं कुणी म्हणालं, तर लष्करात त्याला पाणीही मिळणार नाही. आणि आपण तरी कोण? पुण्याला गेलो की 'तुमचं मराठी हिंदी वळणाचं' हे ऐकून घेणारे. तरुणपणी तिकडच्या एका हौशी संस्थेत मला भालदाराचं काम मिळालं होतं. वाक्यं दोन. नंतर तीही कापली, 'उच्चार खटकतात' म्हणून. नाटकात मला नको होते असे नव्हते. मी मराठी म्हणून नको होतो.

तरीही, गेल्या महिन्यात गणेशोत्सवाच्या नाटकासाठी आमच्या गल्लीतली एक सिंधी मुलगी काम मागायला आली, तेव्हा बैठकीत पहिला नकार माझाच होता. 'मराठी घरातली सून आहे ती, हिला कसं जमेल?' असं मी म्हणालो. शब्द तोंडातून गेल्यावर तो भालदार आठवला. मग सर्वांसमोर ते मागे घेतले.

तालमी सुरू आहेत. तिचा 'ळ' अजून 'ल' होतो. आमच्यातल्या निम्म्यांचाही होतो. गुरुवारी संध्याकाळी सातला दुसऱ्या अंकाची तालीम आहे. ज्यांचा 'ळ' शाबूत आहे त्यांनी तासभर यावं.