विळ्याची खूण डोळ्यांतही
(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)



गोंदिया जिल्हा म्हटला की धानाच्या बांध्या आणि कापणीचा विळा डोळ्यांपुढे येतो. याच विळ्यावरून एका आजाराला नाव मिळाले आहे, सिकलसेल. १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सालेकसा, देवरीकडच्या अनेक घरांना हा आनुवंशिक आजार ठाऊक आहे. सांधे दुखतात, रक्त कमी होते, हेही ठाऊक आहे. डोळ्यांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

या आजारात तांबडी पेशी प्राणवायू सोडल्यावर वाकडी आणि ताठ होते व बारीक रक्तवाहिनीत अडकते. डोळ्याच्या पडद्याच्या कडेच्या वाहिन्या अशा बुजल्या, की तिथे पंख्याच्या आकाराच्या नव्या, नाजूक वाहिन्या उगवतात. त्या फुटल्या तर डोळ्यात रक्त उतरते. पुढे पडदा सुटूही शकतो. डॉ. गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्ये याच्या पाच अवस्था सांगितल्या. पहिल्या तीन अवस्थांत रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. खरा धोका इथेच आहे. ‘पोराला चांगलं दिसतं, मग तपासायचं कशाला?’ असे आपण म्हणतो आणि वेळ निघून जाते.

पडद्याच्या मागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांचा थर असतो. मध्यभागी त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर. ओसीटी या यंत्राने, सुई न टोचता, ती मोजता येते. सिकलसेलच्या रुग्णांत हा थर सरासरीने पातळ आढळला आहे. तिथल्याही बारीक वाहिन्या बुजत असाव्यात, असे तज्ज्ञ मानतात. पण वय वाढले किंवा चष्म्याचा उणे नंबर मोठा असला, तरी तो पातळ होतो. दिवसाच्या वेळेनुसारही जाडी थोडी बदलते. म्हणून हा आकडा इशारा देतो, निकाल नव्हे. पडद्याच्या कडा पाहण्यासाठी थेंब टाकून, बाहुली मोठी करूनच तपासणी करावी लागते.

सिकलसेल असलेल्या मुलाची अशी तपासणी दहाव्या वर्षापासून सुरू करावी आणि पुढे वर्षा-दोन वर्षांनी करावी. गरज पडल्यास लेसरने उपचार होतात. वाहकांनाही एक सूचना. डोळ्याला मार लागून आत रक्त साचले, तर आपण वाहक आहोत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा वेळी डोळ्यातला दाब वाढून नजर जाण्याची भीती असते.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. गावोगावी रक्त तपासले जात आहे. ज्यांच्या अहवालात सिकलसेल आला, त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही एक फेरी मारावी. दिसेनासे झाल्यावर जाण्यापेक्षा, दिसते आहे तोवर गेलेले बरे.