चहा : पाहुणचार आणि प्रमाण
(महोत्सवानिमित्त झालेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांनी मला आज्ञा केली. निपाणीत आरोग्यावर बोलायचे म्हणजे तंबाखूवरच बोलायचे, असा आपला समज झाला असेल. परंतु तंबाखूचे दोष आपण सर्वजण जाणता. मी आज बोलणार आहे तिच्या सोबत्याविषयी. त्याच्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही, उलट त्याच्यावाचून आपल्या संस्थेची एकही सभा पार पडत नाही. तो म्हणजे आपला चहा.

चहा हे विष आहे, असे सांगण्यासाठी मी उभा राहिलो नाही. मीही चहा घेतो. प्रश्न आहे तो प्रमाणाचा.

चहाने तरतरी येते ती त्यातील कॅफीन नावाच्या द्रव्याने. रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1819 साली ते कॉफीच्या बियांतून वेगळे काढले. चहातले द्रव्यही तेच, हे पुढे काही वर्षांनी सिद्ध झाले. आपण काम करू लागलो की मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते ‘आता विश्रांती घे’ असा निरोप देते. कॅफीन त्या निरोप्याची जागा अडवून बसते. निरोप पोहोचत नाही, एवढेच. थकवा काही नाहीसा होत नाही. म्हणून चहा म्हणजे शक्ती नव्हे. ती उसनवारी आहे, आणि उसने कधीतरी फेडावेच लागते.

आता प्रमाण पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत दिवसाला 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन घेऊ नये, असे म्हटले आहे. दीडशे मिलिलिटरच्या एका कपभर चहात ते 30 ते 65 मिलिग्रॅम असते. म्हणजे चहा फिका असेल तर दहा कपांनी ही मर्यादा गाठली जाते, आणि कडक असेल तर साडेचार कपांतच. आपल्याकडे चहा किती उकळतात, हे मी सांगायला नको! दूध घातल्याने किंवा साखरेऐवजी गूळ घातल्याने कॅफीन कमी होते, हा समजही खरा नाही.

मर्यादा ओलांडली म्हणजे शरीर सांगू लागते. छातीत धडधडते, हात कापतात, आंबट ढेकर येतात, वरचेवर लघवीला जावे लागते, जीव उगाच अस्वस्थ होतो. झोप तर पहिल्यांदा जाते. पोटात गेलेले कॅफीन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल रात्री अकराला शिल्लक असतो. झोप नीट झाली नाही म्हणून सकाळी दोन कप जास्त, आणि त्यामुळे पुन्हा रात्री जागरण, असे हे रहाटगाडगे चालू राहते. एखाद्या दिवशी चहा चुकला तर डोके दुखते. ती सवयीची खूण होय.

येथे विडी ओढणाऱ्या बंधूंना एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत कॅफीनचा निचरा अधिक वेगाने करू लागते. त्यामुळे विडी ओढणाऱ्याला जास्त चहा पचल्यासारखा वाटतो. उद्या त्याने निश्चयाने विडी सोडली, म्हणजे हा निचरा मंदावतो आणि तोच चहा त्याला दुप्पट लागू लागतो. मग धडधड, चिडचिड, जागरण. त्याला वाटते, ‘विडी सोडली म्हणून असे झाले,’ आणि तो पुन्हा विडी शिलगावतो. म्हणून विडी सोडणाऱ्याने त्याच आठवड्यात चहाही निम्म्यावर आणावा. हा परिणाम धुराचा आहे. तंबाखू चघळणाऱ्यास तो लागू नाही.

परंतु माझ्या मनाला सर्वांत जास्त लागते ते माता-भगिनींचे. आपल्या गावच्या कितीतरी घरांत सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या जातात. मजुरी हजारावर, म्हणून हजार पुरे होईपर्यंत उठायचे नाही, आणि भूक लागली की कपभर चहा घ्यायचा. चहाने भूक मरते, पण पोट भरत नाही. शिवाय भाकरी-भाजीबरोबर चहा घेतला तर त्यातील टॅनिन अन्नातल्या लोहाला बांधून टाकते, आणि ते अंगी लागत नाही. आधीच रक्त कमी असलेल्या बाईचे यात दुहेरी नुकसान होते. म्हणून जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा घेऊ नये. जेवणात लिंबाची फोड असावी. तिने लोह शोषले जाण्यास मदत होते.

घरात गरोदर सून वा लेक असेल तर अधिकच जपावे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कॅफीनचा निचरा फार मंदावतो, निम्मे होण्यास पंधरा तासांपर्यंत लागतात. ते गर्भापर्यंत पोहोचते, आणि गर्भाला त्याचा निचरा करता येत नाही. रोज 300 मिलिग्रॅमहून अधिक कॅफीन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांनी ते कमी करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली सांगितले आहे. आणि लहान मुलांना सकाळी चहात चपाती बुडवून देण्याची आपली चाल तर बंदच व्हावी.

तरुणांचा मार्ग आता हमरस्त्यावरच्या दुकानांतील एनर्जी ड्रिंककडे वळला आहे. ती पेये मुलांसाठी व गरोदर स्त्रियांसाठी नाहीत, हे डब्यावरच छापलेले असते. ते वाचण्याची तसदी घ्यावी, इतकेच मी सांगेन.

चहा एकदम तोडू नका, डोके धरून बसाल. दोन-तीन दिवसांआड एक कप कमी करा. संध्याकाळचा आधी सोडा.

शेवटी विश्वस्तांना एक नम्र विनंती. आपली संस्था कित्येक वर्षे आल्या-गेल्याला चहा देत आली. तो पाहुणचार मोडू नये. मात्र सभेतल्या दुसऱ्या फेरीला चहाऐवजी ताक द्यावे, आणि संस्थेच्या कामावर येणाऱ्या भगिनींना चहाआधी मूठभर शेंगदाणे व गुळाचा खडा द्यावा. खर्च थोडा वाढेल. परंतु संस्थेने गावच्या लेकींच्या पोटात काही घातले, याहून महोत्सवाची दुसरी शोभा ती कोणती?

 बाहेर चहा तयार आहे, असे कळते. अवश्य घ्यावा, पण एकच कप!