कौतुकाची वही

(मुरूम येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



तुमचं गाव बाजारपेठेचं आहे. उमरगा तालुक्यातली खेडी इथं येतात, तशीच सीमेपलीकडची, कर्नाटकातल्या आळंदकडची माणसंही येतात. दुकानात मराठीत सुरू झालेला सौदा कानडीत पुरा होतो. अशा गावात स्वतःच्या हिमतीवर पोट भरणारी माणसं पुष्कळ असतात. शिवणकाम करणाऱ्या ताई, पार्लर चालवणाऱ्या मुली, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकणाऱ्या बायका, वेल्डिंगवाले, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे, मंडपवाले, लग्नाच्या पंगतीला हुग्गी रांधणारे आचारी, घरी शिकवण्या घेणारे मास्तर. आज मला या सगळ्यांशी बोलायचं आहे. भांडवल, कर्ज, अनुदान यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते उमेदीबद्दल.

नोकरी करणाऱ्याला वरिष्ठ असतो. तो रागावतो, पण कधीतरी शाबासकीही देतो. वर्षाला वेतनवाढ मिळते, निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळतं. त्याचं काम कुणीतरी पाहतंय, याची कुठंतरी नोंद असते. स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या कामाची अशी नोंद कुणीच ठेवत नाही. ब्लाऊज चांगला बसला तर गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जातं. बिघडला तर मात्र परत येतं, चार माणसांत बोलतं. त्यामुळं वर्षभरात जे कानावर पडतं त्यात तक्रारीच जास्त, आणि हळूहळू त्या माणसाला वाटायला लागतं की आपल्याला काही येतच नाही.

यात त्याच्या मनाचा दुबळेपणा नाही. माणसाचं मनच तसं घडलेलं आहे. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक मोठा लेख प्रसिद्ध केला. अनेक संशोधनांचा आढावा घेऊन त्यांनी दाखवलं की वाईट अनुभव, वाईट शब्द, वाईट बातमी यांचा ठसा चांगल्यापेक्षा खोल उमटतो. दहा जणांनी नावाजलं आणि एकानं नाक मुरडलं, तर रात्री झोपताना त्या एकाचाच चेहरा डोळ्यांपुढं येतो. हा अनुभव इथं कुणाला नाही?

म्हणून माझं म्हणणं असं, की उधारीची वही ठेवता तशी एक वही चांगल्या शब्दांची ठेवा. गिऱ्हाईक जे चांगलं बोललं ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

चांगल्या शब्दांची ताकद किती असते, हे दादासाहेब फाळक्यांच्या आयुष्यात पाहायला मिळतं. आपण त्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो आणि पुतळ्याला हार घालतो, पण होते ते स्वतःच्या हिकमतीवर धंदा उभा करणारे गृहस्थ. छापखान्याचा जम बसलेला असताना भागीदाराशी बिनसलं, तो सोडला. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि ठरवलं की आपल्या देवादिकांची चित्रं अशी हलली पाहिजेत. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले, यंत्र आणलं. घरात स्टुडिओ झाला. सरस्वतीबाईंनी साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला आणि फिल्मला भोकं पाडण्याचं कामही केलं. ३ मे १९१३ ला मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. एवढं आपल्याला शाळेत सांगतात.

शाळेत सांगत नाहीत ते पुढचं आहे. १९१८ साली भागीदार घेऊन नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. भागीदारांशी पटेना. फाळके इतके विटले की कंपनी सोडून बायकापोरांसह काशीला जाऊन राहिले. तिथं ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहीत बसले, चित्रपटाचं नावही काढीनात. तेव्हा ‘संदेश’चे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांनी त्यांना पत्र लिहिलं की परत या. फाळक्यांनी उत्तर पाठवलं की चित्रपटाच्या धंद्यापुरता मी मेलो आहे, परतण्याची इच्छा नाही. कोल्हटकर कसलेले पत्रकार होते. त्यांनी ते उत्तर छापलं आणि वर मथळा दिला, दादासाहेब फाळके वारले!

मग वाचकांची पत्रं येऊ लागली. फाळक्यांनी परत यावं, अशी विनवणी त्यांत होती. ‘संदेश’नं ती छापली. कोल्हटकरांनी ते सगळे अंक काशीला पाठवून दिले. फाळक्यांनी ती पत्रं वाचली आणि ते नाशिकला परतले. १९२२ साली पुन्हा कंपनीत कामाला लागले. १९३२ चा ‘सेतुबंधन’ आणि १९३७ चा ‘गंगावतरण’ हा बोलपट, ही सगळी त्यानंतरची कामं.

या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग असा. जी माणसं पत्रं लिहायला बसली, त्यांना फाळक्यांची चित्रं आधीपासूनच आवडत होती. प्रेम होतंच, ते फाळक्यांपर्यंत पोचलेलं नव्हतं. भागीदारांची कुरबूर रोज कानावर होती आणि प्रेक्षकांची माया दूर अंधाऱ्या थिएटरात. कोल्हटकरांनी ती कागदावर आणली आणि टपालात घातली. तुमच्यासाठी कोण संपादक बसला आहे? हे काम तुम्हालाच करायचं आहे.

आता लिहायचं काय? “ताई, छान झालं” एवढ्यानं भागत नाही. कोण बोललं, कोणत्या कामाबद्दल बोललं, कोणत्या तारखेला, आणि नेमके शब्द काय होते, हे लिहा. आळंदची बाई कानडीत बोलली असेल तर कानडीतच लिहा, तिचं बोलणं सुधारू नका. कुणी आठ मैलांवरून दुसऱ्यांदा आलं, कुणी जावेला सोबत घेऊन आलं, तर ते तोंडानं काही बोललं नसलं तरी तीही नोंद आहे. मोबाइलवर आलेला संदेश वहीत उतरवून घ्या. मोबाइल पाण्यात पडतो, बदलला जातो, आणि त्याच्याबरोबर तीन वर्षांचं बोलणं जातं. कागद टिकतो.

ही वही काढून वाचायची केव्हा? देवशयनी एकादशीनंतर लग्नतिथी थांबतात. शिवणयंत्र, मंडप, आचारी, पार्लर, सगळ्यांचेच दिवस मंदीचे. दुकानात बसून रस्ता पाहायचा आणि मनात नाही नाही ते आणायचं. त्या दिवसांत ही वही उघडा. उन्हाळ्यात जी माणसं तुमच्या कामावर खूश होऊन गेली, ती कुठं गेलेली नाहीत, तिथी सुरू झाल्या की येणारच आहेत. वही वाचताना आणखी एक कळतं. समजा, तुम्हाला वाटतं की आपलं नाव बारीक शिलाईमुळं आहे, आणि वहीत पाहावं तर लोक पुनःपुन्हा म्हणतात, सांगितलेल्या दिवशी कापड मिळालं. मग कळतं की गिऱ्हाईक कशासाठी येतं आणि कशाचा दर वाढवून मागता येईल. तेव्हा ही वही मनाइतकीच धंद्याच्याही उपयोगाची आहे.

काहींना हे आत्मस्तुतीसारखं वाटेल. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगताना स्वतःची स्तुती करणाऱ्याला त्यात बसवलं आहे, आणि ते बरोबरच आहे. पण समर्थांचा रोख चारचौघांत स्वतःचे ढोल वाजवणाऱ्यावर आहे. ही वही कपाटात राहते, ती फलकावर लावायची नाही. दुसरी शंका अधिक खरी आहे, की कौतुकच वाचत बसलं तर चुका कळणार कशा? चार्ल्स डार्विननं आत्मचरित्रात आपली एक सवय सांगितली आहे. आपल्या सिद्धांताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती लगेच टिपून ठेवायचा, कारण अशा गोष्टी डोक्यातून लवकर निसटतात, हा त्याचा अनुभव होता. स्वतःच्या मताबद्दल आपण गैरसोयीचं विसरतो आणि स्वतःच्या लायकीबद्दल सोयीचं विसरतो. मग दोन्ही लिहा. तक्रारही लिहा, तिचं काम करा, आणि झालं की त्या ओळीवर काट मारा. कौतुकाच्या ओळीवर काट मारायची नाही.

कौतुकाची नोंद न राहणं हे आजचं नाही. पूर्वी गावगाड्यात सुतार-लोहाराला बलुतं खळ्यावर मिळायचं, कामाचा निवाडा तिथंच व्हायचा. ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. कित्येकांच्या हातच्या कलेचं कौतुक जातीमुळं उंबऱ्याबाहेरच अडलं, आणि त्यांची नोंद कुणी ठेवली नाही.

आजही एकेकट्या माणसाची नोंद अशीच राहून जाते. याच भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं ढासळली. त्यानंतरच्या घरबांधणीत बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या, सरकारी माणसांना प्रश्न विचारू लागल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं ते काम पुढं बचत गट आणि बायकांच्या उद्योगांपर्यंत नेलं. २०१६ साली त्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. संस्थेला पारितोषिक मिळतं, गटातल्या एकेकीला काय मिळतं? म्हणून गटांतल्या भगिनींना माझी विनंती आहे. बैठकीत हिशेब वाचता, हप्ते मोजता. वही एरवी कपाटातच राहू द्या, पण त्याच बैठकीत प्रत्येकीनं आपल्या वहीतली एक नोंद गिऱ्हाइकाच्याच शब्दांत वाचून दाखवावी; ही आत्मस्तुती नव्हे. आपलं आपण वाचलेलं मनात राहतं, मैत्रिणींनी ऐकलेलं गावभर होतं.

आणि जे स्वतःचा धंदा करत नाहीत, त्यांना दुसरी विनंती. तुमच्या मुलीच्या लग्नातली हुग्गी ज्यानं रांधली, भर पेरणीत रात्री येऊन ज्यानं ट्रॅक्टर चालू करून दिला, त्याला काम चांगलं झाल्याचं तुम्ही सांगितलं होतं का? नसेल तर उद्या बाजारात जाल तेव्हा त्याच्या दुकानी थांबा, काय आवडलं ते नेमकं सांगा, आणि जमलं तर चार ओळी लिहून सही करून त्याच्या हातात द्या.